लाळ्या-खुरकूत, जिवाणूंत बनणारी लस आणि भूमिहीनांचा गोठा

१० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीतून एक बातमी आली. बर्लिनला लागून असलेल्या ब्रांडेनबुर्ग राज्यात एका कळपातील म्हशींना लाळ्या-खुरकूत रोग झाला होता. १९८८ नंतर जर्मनीत हा रोग पहिल्यांदाच दिसला. मार्चमध्ये तो हंगेरीत, अर्धशतकाहून अधिक काळानंतर, आणि पाठोपाठ स्लोव्हाकियात सापडला. ब्रिटन आणि दक्षिण कोरियाने जर्मनीतून येणाऱ्या मांसावर लगेच बंदी घातली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत साथ पसरली तेव्हा त्या देशाला शेजारच्या बोट्सवानातून लस मागवावी लागली.

युरोपात एका कळपाला झालेला हा रोग जगभर बातमी होतो. आपल्या खेड्यापाड्यांत तो कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा आहे. जनावराला ताप येतो, तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, चारा सुटतो, दूध आटते. मोठी जनावरे बहुतेक वेळा वाचतात, वासरे मात्र दगावतात. वाचलेली गाय किंवा म्हैस पूर्वीइतके दूध देईलच असे नाही आणि बैल ऐन उन्हात धापा टाकू लागतो. डेअरीला दूध घालणे थांबते, बचत गटाचा हप्ता थांबत नाही.

म्हणून या रोगाच्या लसीसंबंधी प्रयोगशाळेत चाललेल्या एका कामाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जिवंत विषाणू न वाढवता, साध्या जिवाणूंकडून विषाणूचे फक्त रिकामे कवच बनवून घ्यायचे आणि त्याची लस करायची, असे हे तंत्र आहे. ते नेमके काय आहे, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि ते यशस्वी झाले तर पदरात कोणाच्या पडेल, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

हा प्रश्न आपला का आहे

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन आहे. त्यात गोवंश १९ कोटी २५ लाख, शेळ्या जवळपास १४ कोटी ८९ लाख आणि म्हशी सुमारे १० कोटी ९९ लाख. आपल्या देशात जमीन जितकी विषम वाटली गेली आहे, तितके पशुधन विषम वाटलेले नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घरातही दोन शेळ्या असतात, एखादी म्हैस असते. दवाखान्याचे बिल किंवा मुलीची परीक्षा फी भरायची वेळ आली की हीच शेळी बँक होते.

महाराष्ट्रात त्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. रोगामुळे बैल कामातून गेला तर त्याला विकून चार पैसे उभे करण्याची वाट जवळपास बंद झाली आहे. तो पोसायचा, नाहीतर सोडून द्यायचा. बंदीविषयी कोणाचे मत काहीही असो, तिचा भार ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याच्यावर सर्वांत जास्त पडतो. आणि साथीत मेलेली जनावरे गावाबाहेर ओढून नेण्याचे काम पिढ्यानपिढ्या कोणाच्या माथी मारले गेले होते, हे या वाचकांना सांगायची गरज नाही.

ब्रिटनमध्ये २००१ साली ही साथ आली तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारून ती आटोक्यात आणली गेली. श्रीमंत देश तसे करू शकतो, कारण सरकार भरपाई देते. आपल्याकडे तो मार्ग नाही. आपल्यापुढे लस हाच मार्ग आहे. केंद्र सरकारने ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांकरिता १३ हजार ३४३ कोटी रुपयांची तरतूद झाली. २०२५ पर्यंत रोग लसीकरणाने आटोक्यात आणायचा आणि २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करायचे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. २०२५ सरले आहे. २०३० फार दूर नाही.

आजची लस कशी बनते

लाळ्या-खुरकूत हा विषाणूमुळे होणारा रोग आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ लॉफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवले. प्राण्यांमध्ये रोग करणारा हा पहिला ओळखला गेलेला विषाणू. त्याचे सात प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची लस दुसऱ्या प्रकारापासून वाचवत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांची एकत्रित लस दिली जाते.

ही लस बनवण्यासाठी कारखान्यात हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात. त्यात जिवंत विषाणू सोडतात. तो भरपूर वाढला की रसायनाने त्याला निष्क्रिय करतात, शुद्ध करतात आणि तेलासारख्या साहाय्यक पदार्थात मिसळतात. या लसीने जगात मोठे काम केले आहे. युरोपातून रोग गेला तो याच प्रकारच्या लसीच्या जोरावर आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नियमित लसीकरण थांबवता आले.

पण या पद्धतीतली अडचण उघड आहे. रोग थांबवण्यासाठी आधी तोच रोग टाक्या भरभरून वाढवावा लागतो. विषाणू नीट निष्क्रिय झाला नाही, तर लसच साथ घेऊन येते. १९८० च्या दशकापर्यंत युरोपात झालेल्या काही साथींचे मूळ असे लसीत किंवा लस बनवण्याच्या ठिकाणी असल्याचे विषाणूंच्या तपासणीतून पुढे आले होते. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात साथ आली. सापडलेला विषाणू रानातला नव्हता. तो १९६७ सालचा, प्रयोगशाळेत आणि लस बनवण्यासाठी वापरला जाणारा विषाणू होता. पिरब्राइट येथे सरकारी संशोधन संस्था आणि खासगी लस कारखाना एकाच आवारात होते. तिथल्या जुन्या, गळक्या सांडपाणी नळांतून तो बाहेर पडला असावा, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

चीनमधील लांझौ शहराचा अनुभव याहून गंभीर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या पशुलस कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले. त्यामुळे कारखान्यातून बाहेर सोडलेल्या हवेबरोबर ब्रुसेला हे जिवंत जिवाणू परिसरात पसरले. सप्टेंबर २०२० पर्यंत ३ हजारांहून अधिक माणसांना लागण झाल्याचे तिथल्या आरोग्य विभागाने जाहीर केले. ती लस ब्रुसेलोसिसची होती, लाळ्या-खुरकूतची नव्हे. लाळ्या-खुरकूत माणसाला सहसा होतही नाही. पण जिवंत रोगजंतू वाढवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीबाहेर कोण राहते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

अशा कारखान्यासाठी हवा गाळणारी यंत्रणा, बंदिस्त खोल्या, सांडपाण्यावर प्रक्रिया, कडक पहारा असे सर्व लागते. खर्च प्रचंड येतो. त्यामुळे लाळ्या-खुरकूतची लस बनवणारे कारखाने मोजकेच असतात. मोजक्यांतल्या एखाद्याचा पुरवठा अडला की लसीकरणाची अख्खी फेरी पुढे जाते.

रिकामे कवच म्हणजे काय

विषाणू म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टी: आत जनुकीय साहित्य आणि बाहेर प्रथिनांचे कवच. रोग होतो तो आतल्या साहित्यामुळे, कारण त्याच्या जोरावर विषाणू आपल्या प्रती काढतो. शरीराची संरक्षण यंत्रणा मात्र विषाणूला ओळखते ती बाहेरच्या कवचावरून. मग आतले काही न घेता फक्त कवच शरीराला दाखवले तर? ओळख पटते, प्रतिपिंडे तयार होतात आणि रोग होण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा रिकाम्या कवचांना विषाणूसदृश कण म्हणतात.

माणसांसाठी हे तंत्र नवे नाही. आपल्या बाळांना मिळणारी कावीळ-बी ची लस म्हणजे विषाणूच्या बाह्य प्रथिनाचे, यीस्टमध्ये बनवलेले कण आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध पुण्यात बनलेली आणि २०२२ मध्ये परवानगी मिळालेली सर्व्हाव्हॅक ही लसही याच जातीची, तीही यीस्टमध्ये बनते. याच रोगावरची चीनची सेकोलिन ही लस मात्र ई. कोलाय या जिवाणूत बनते. तिला चीनमध्ये २०१९ च्या अखेरीस परवानगी मिळाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेचीही मान्यता मिळाली. म्हणजे जिवाणूंत बनलेले कवच माणसाला टोचण्याइतके सुरक्षित आणि परिणामकारक होऊ शकते, हे सिद्ध झाले आहे.

जिवाणूच का? कारण ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याला साधे खाद्य पुरते. कवचाचे जनुक त्याच्यात घातले की तो वाढता वाढता ते प्रथिन बनवत राहतो. मग जिवाणू फोडायचे, प्रथिन वेगळे करायचे आणि योग्य द्रावणात ठेवून कवचे जुळू द्यायची. यासाठी लागणारे फर्मेंटर अनेक औषध कारखान्यांत आणि विद्यापीठांत असतात. जिवंत रोगजंतू कुठल्याच टप्प्यावर नसतो.

डुकरांच्या सर्कोव्हायरस या रोगावर चीनमध्ये जिवाणूंत बनवलेली अशी लस बाजारात आहे. त्या विषाणूचे कवच एकाच प्रथिनाच्या साठ प्रती एकमेकींना जुळून बनते, त्यामुळे काम तुलनेने सोपे. लाळ्या-खुरकूतचे कवच अवघड. त्यात वेगवेगळी प्रथिने योग्य प्रमाणात आणि योग्य रीतीने जुळावी लागतात. ती जिवाणूत नुसती बनवली तर बऱ्याचदा त्यांचा निरुपयोगी गोळा होतो. लांझौ येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या गटाने त्यावर तोड काढली. या प्रथिनांना सुमो नावाच्या छोट्या प्रथिनाची जोड दिली की ती विरघळलेल्या अवस्थेत राहतात. नंतर जोड कापून टाकली की कवच आपोआप जुळते. या कणांनी गिनीपिग, डुकरे आणि गुरांमध्ये रोगापासून संरक्षण मिळाल्याचे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटनमधील पिरब्राइट, ऑक्सफर्ड आणि रेडिंग येथील शास्त्रज्ञांनी कीटकांच्या पेशींत बनवलेले, मुद्दाम अधिक टिकाऊ केलेले रिकामे कवच पुढे आणले.

या लसीचा आणखी एक फायदा आहे. साथ खरोखर संपत चालली आहे का, हे कळण्यासाठी जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडे लसीमुळे आली की रोगामुळे, हे ओळखावे लागते. विषाणू शरीरात वाढतो तेव्हाच काही खास प्रथिने तयार होतात. कवचाच्या लसीत ती नसतातच. म्हणून त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर त्या जनावराला रोग होऊन गेला, असे ठामपणे म्हणता येते. आजच्या लसीतही ही प्रथिने शुद्धीकरणाने काढावी लागतात. ते काम कमी पडले तर मोजणी गडबडते. २०३० चे उद्दिष्ट गाठल्याचा दावा कागदावर करायचा की रक्तचाचणीवर, हे इथे ठरणार आहे.

मर्यादा लपवू नयेत

विज्ञानाची बाजू घेणे म्हणजे प्रत्येक नव्या तंत्राची जाहिरात करणे नव्हे. लाळ्या-खुरकूतच्या जिवाणूजन्य लसीपुढे खरे अडथळे आहेत.

पहिला, या विषाणूचे कवच नाजूक आहे. उष्णता आणि किंचित आम्लताही त्याला सहन होत नाही. ते फुटून तुकडे झाले की लसीचा जोर उतरतो, आणि आतून जनुकीय साहित्याचा आधार नसल्याने रिकामे कवच आणखीच नाजूक असू शकते. दुसरा, ई. कोलायच्या आवरणातील विषारी अंश लसीत राहिला तर जनावराला ताप आणि सूज येते. तो काढण्यात खर्च होतो. तिसरा, जोड कापण्याचा आणि शुद्धीकरणाचा खर्च धरला तर प्रत्येक मात्रा स्वस्त पडेलच याची हमी नाही. चौथा, आपल्याला तिन्ही प्रकारांची कवचे हवीत आणि रानातला विषाणू बदलत राहतो, म्हणून कवचाचा नमुनाही वेळोवेळी बदलावा लागेल. पाचवा, प्रयोगातल्या थोड्या जनावरांमध्ये मिळालेले संरक्षण वेगळे आणि वर्षातून दोनदा कोट्यवधी जनावरांना टोचून मिळणारे संरक्षण वेगळे.

म्हणून आजची लस टाकून द्या, असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये. पथक गावात आले की आज उपलब्ध असलेली लस टोचून घेतलीच पाहिजे.

तंत्र आले म्हणजे न्याय आला असे नाही

आमचा मुख्य मुद्दा इथे आहे. लस प्रयोगशाळेत तयार होणे आणि शेवटच्या गोठ्यापर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये लांब रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर कोण मागे राहतो हे विज्ञान ठरवत नाही.

कावीळ-बी चेच उदाहरण घ्या. हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ मध्ये देशात बनवलेली लस आणली आणि महागड्या आयात लसीची मक्तेदारी मोडली. पण ती लस सरकारी लसीकरणातून देशभर मिळू लागली ती २०११ मध्ये. मधली चौदा वर्षे ज्यांच्या आईबापांकडे पैसे होते त्या मुलांना ती मिळाली. तंत्र तेच होते, कारखाना देशातच होता.

डुकरांच्या लसीतूनही हाच धडा मिळतो. ती आधी आली यामागे कवच सोपे असणे हे एक कारण, आणि चीनमध्ये डुकरांची बाजारपेठ अवाढव्य असणे हे दुसरे. मोठे गिऱ्हाईक असलेल्या जनावराला लस लवकर मिळते. भूमिहीन बाईच्या शेळीमागे कोणते गिऱ्हाईक उभे आहे? शेळीला हा रोग सौम्य होतो, लक्षणे नीट दिसतही नाहीत, पण ती विषाणू पसरवू शकते. आपला कार्यक्रम कागदावर गायी-म्हशींबरोबर शेळ्या-मेंढ्या आणि डुकरांनाही धरतो. प्रत्यक्ष पथक वस्तीवर किती वेळा जाते, हे वस्तीवरचे लोकच सांगू शकतील.

ऊसतोडीचा हंगाम पाहा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे निघतात. पथक गावात येते तेव्हा बैल फडात असतो आणि फडाच्या गावातल्या यादीत त्याचे नाव नसते. शेकडो गावांचे बैल एका तळावर एकत्र येतात, एकाच हौदावर पाणी पितात. रोगाला याहून सोयीची जागा कोणती? जगातली सर्वोत्तम लस बनवली, तरी वेळापत्रक घरी राहणाऱ्या जनावराचे असेल तर फिरणारा बैल उघडाच राहणार.

आपण काय मागायचे

पहिली मागणी उत्पादनाची. भुवनेश्वरला लाळ्या-खुरकूतसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे बंगळूरु केंद्र या रोगावर दीर्घकाळ काम करत आहे. पुण्यात औंधला राज्य सरकारची लस बनवणारी संस्था आहे. लम्पीच्या साथीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय संस्थांनी विकसित केलेली लम्पी-प्रोव्हॅक ही लस बनवण्याचे तंत्र याच संस्थेला देण्याचा करार नागपुरात झाला. म्हणजे जनतेच्या पैशातून निघालेले ज्ञान जनतेच्या कारखान्याला देता येते. जिवाणूंत कवच बनवण्यासाठी जिवंत विषाणूची बंदिस्त इमारत लागत नाही, म्हणून राज्याच्या संस्थांना हे क्षेत्र नव्याने खुले होऊ शकते. सरकारी प्रयोगशाळेत असे तंत्र तयार झाले, तर त्याचा परवाना एकाच कंपनीला देऊ नये. सार्वजनिक संस्थांना तो पहिल्या दिवसापासून मिळावा.

दुसरी मागणी पारदर्शकतेची. लसीच्या प्रत्येक खेपेच्या गुणवत्ता चाचणीचा निकाल लोकांना पाहता यावा. जनावराच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद संगणकावर होते, तर त्याला टोचलेल्या लसीचा निकालही त्याच नोंदीशेजारी असायला हरकत काय?

तिसरी मागणी वेळापत्रकाची. ऊसतोड कामगारांच्या बैलांना निघण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी लस मिळावी आणि राहिलेल्यांसाठी कारखान्याच्या तळावर पथक असावे. भूमिहीनांच्या शेळ्यांसाठी फेरी वस्तीत यावी, पाटलाच्या वाड्यासमोर थांबू नये.

जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. त्यांनी हा विषय संशोधनासाठी जरूर निवडावा. लाळ्या-खुरकूतचे कवच उन्हाळ्यात टिकवण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोडवणाऱ्याला विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा माहीत असेल तर बरेच.

कार्यकर्त्यांसाठी काम याहून सोपे आहे आणि ते उद्यापासून करता येईल. पुढची फेरी गावात येईल तेव्हा तिथे उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा. लसीची खेप कोणती आणि तिची मुदत कधी संपते? पेटी दोन ते आठ अंश तापमानात होती का आणि लस गोठली तर नव्हती ना, कारण गोठलेली लसही निकामी होते? आपल्या वस्तीतील किती शेळ्या, किती डुकरे आणि बाहेरगावी गेलेले किती बैल यादीत आहेत? उत्तरे वहीत लिहून ठेवा. मिळाली नाहीत तर तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यात माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवा. नवी लस येईल तेव्हा येईल. ती कोणापर्यंत पोहोचते हे तपासणारी वही मात्र आपल्याकडे आधीपासून तयार असली पाहिजे.